काहीही वाया जाऊ नये
(विद्यार्थी व पालकांसाठी अभ्यासपाठ)



पाच भाकरी आणि दोन मासे यांचा चमत्कार तुम्हा सर्वांना ठाऊक आहे. संत योहानच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात तो सांगितला आहे. त्या जवाच्या भाकरी एका मुलाजवळ होत्या, हेही तुम्ही धर्मशिक्षणाच्या वर्गात शिकला आहात. पण पुढची एक गोष्ट आपल्या नजरेतून बहुधा निसटते. पाच हजार लोक जेवून तृप्त झाले, तरी प्रभू येशूचे काम संपले नव्हते. उरलेले तुकडे गोळा करा, काही फुकट जाऊ देऊ नका, असे त्याने शिष्यांना सांगितले. त्या तुकड्यांनी बारा टोपल्या भरल्या. ज्याला हवे तेवढे अन्न निर्माण करता येत होते, त्याने तुकड्यांची काळजी करावी, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

आजचा आपला पाठ या बारा टोपल्यांवरच आहे. आपल्या घरात, दप्तरात, वर्गात आणि सणासमारंभात जे उरते त्याचे आपण काय करतो? आणि मुळात एवढे उरावे का?

१. कचरा 'जातो' कोठे?

सकाळी घंटागाडी येते, आपण डबा रिकामा करतो आणि म्हणतो, "कचरा गेला." प्रत्यक्षात तो फक्त आपल्या डोळ्यांआड होतो. वसई-विरार महानगरपालिका स्थापन झाली २००९ साली. तिची कचरा टाकण्याची जागा वसई पूर्वेला गोखिवरे येथे आहे. तेथील ढिगाऱ्यांना आग लागल्याच्या आणि आजूबाजूचे लोक धुराने हैराण झाल्याच्या बातम्या आपण अनेकदा वाचल्या आहेत. ही आग का लागते? ओला कचरा ढिगाऱ्याच्या पोटात हवेशिवाय कुजतो, तेव्हा मिथेन नावाचा वायू तयार होतो. तो पेट घेतो. हवेत गेला तर पृथ्वी तापवण्याच्या कामी तो कार्बन डायऑक्साइडपेक्षा कितीतरी पटींनी प्रबळ ठरतो. म्हणजे आपण टाकलेली भाजीची देठे आणि उरलेला भात तेथे प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधलेल्या अवस्थेत जळणाचे काम करतात. वाडीत टाकली असती तर त्यांचेच खत झाले असते.

सगळा कचरा घंटागाडीपर्यंतही पोहोचत नाही. काही ओहोळात जातो, काही बावखलात. बावखले म्हणजे आपल्या पूर्वजांनी वाड्यांसाठी खोदलेली गोड्या पाण्याची तळी. पावसाचे पाणी त्यांत साठते, हळूहळू जमिनीत मुरते आणि आजूबाजूच्या विहिरींना जिवंत ठेवते. आपण समुद्रकाठचे लोक. जमिनीखालचे गोडे पाणी कमी झाले की खारे पाणी आत सरकते. म्हणून बावखलात टाकलेली कचऱ्याची पिशवी ही शेवटी आपल्या विहिरीतच टाकलेली असते. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी हरित वसईच्या चळवळीत पाणी आणि हिरवळ यांच्यासाठी आवाज उठवला. २०२४ साली ते आपल्यातून गेले. त्यांचे स्मरण करताना भाषणाबरोबर एक बावखल स्वच्छ राहिले, तर ते स्मरण अधिक खरे ठरेल.

तुंबलेल्या गटारांचा धडा तर मुंबईने २६ जुलै २००५ रोजी शिकला. त्या दिवशी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. पाऊस प्रचंड होता हे खरेच, पण पाणी वाहून नेणाऱ्या गटारांत आणि नाल्यांत प्लॅस्टिकच्या पिशव्या अडकल्या होत्या, हेही तितकेच खरे.

२. आधी कमी, मग पुन्हा, शेवटी पुनर्प्रक्रिया

कचऱ्याच्या अभ्यासात तीन पायऱ्या आहेत आणि त्यांचा क्रम महत्त्वाचा आहे. पहिली पायरी: वस्तू कमी वापरणे. दुसरी: तीच वस्तू पुन्हा वापरणे. तिसरी: वस्तू मोडून तिच्यापासून नवी वस्तू बनवणे, म्हणजेच पुनर्प्रक्रिया. आपण बहुतेक वेळा तिसऱ्या पायरीपासूनच सुरुवात करतो. "बाटली भंगारात दिली" म्हणून समाधान मानतो. पण भंगारातली बाटली गोळा करायला, धुवायला, वितळवायला पुन्हा वीज, पाणी आणि डिझेल लागते. जी बाटली विकतच घेतली नाही, तिला यातले काहीच लागत नाही.

पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली 'लौदातो सी' हे परिपत्रक लिहिले. त्यात त्यांनी वापरा आणि फेकून द्या या संस्कृतीबद्दल खंत व्यक्त केली आहे. मोठमोठ्या उपायांबरोबर साध्या रोजच्या सवयीही त्यांनी सांगितल्या आहेत: प्लॅस्टिक आणि कागद कमी वापरणे, कचरा वेगळा करणे, खाता येईल तेवढेच शिजवणे, नको असलेले दिवे बंद करणे. सृष्टीची काळजी ही अशा लहान कामांतूनच अंगी मुरते, असे त्यांचे सांगणे आहे. ही सर्व कामे दहा वर्षांच्या मुलालाही जमण्यासारखी आहेत.

३. दप्तरातला कचरा

आता आपले दप्तर उघडूया आणि थोडे गणित करूया.

वह्या : वर्ष संपताना बहुतेकांच्या वह्यांत कोरी पाने उरतात. समजा, तुमच्या आठ वह्यांत प्रत्येकी ४० पाने कोरी राहिली. ती झाली ३२० पाने. वर्गात ५० विद्यार्थी असतील तर १६,००० पाने, म्हणजेच २०० पानी ८० वह्या! या वह्या रद्दीत जाण्यापूर्वी कोरी पाने काळजीपूर्वक काढा, एकत्र शिवा, जुन्या कॅलेंडरचे जाड पान वर लावा. कच्च्या कामाची वही तयार. गणिताच्या सरावाला आणि शुद्धलेखनाला ती उत्तम चालते.

पेन : लिहून फेकून देण्याचे पेन स्वस्त वाटते. त्याऐवजी रिफिल बदलता येणारे किंवा शाईचे पेन घ्या. फेकलेल्या पेनात प्लॅस्टिक, धातूची टोके आणि शाई असे सारे मिसळलेले असते. म्हणून त्याचे पुढे फारसे काही होत नाही.

पुस्तके आणि गणवेश : पाठ्यपुस्तकांवर पेनाने उत्तरे लिहू नका, पेन्सिलने लिहा. म्हणजे पुस्तक पुढच्या वर्षी धाकट्या भावंडाला किंवा शेजारच्या मुलाला देता येते. पुस्तकाला प्लॅस्टिकचे कव्हर घालण्याऐवजी वर्तमानपत्राचे किंवा खाकी कागदाचे घाला. गणवेश लहान झाला तर धुऊन, बटणे लावून द्या. फाटका गणवेश गरिबाला देणे हे दान नव्हे, तो आपला कचरा दुसऱ्याच्या दारात टाकणे आहे.

पाण्याची बाटली आणि डबा : शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे सहावी ते आठवीच्या वर्गांचे वर्षाला किमान २२० दिवस भरले पाहिजेत. ५० मुलांच्या वर्गात प्रत्येकाने रोज एकच वेफर्सचे पाकीट आणले, तर वर्षाअखेर ११,००० रिकामी पाकिटे होतील. स्टीलचा डबा आणि स्टीलची बाटली एकदा घेतली की दहावीपर्यंत सहज टिकते. डब्यात पोळीभाजी, शेंगदाण्याचा लाडू, वाडीतली केळी द्या. केळ्याचे वेष्टन देवानेच दिले आहे आणि त्याचे खतही होते.

येथे पालकांना एक विनंती. घाईत डबा भरायला वेळ मिळत नाही, हे आम्हांला ठाऊक आहे. म्हणूनच डबा भरण्याचे काम रात्री मुलांनाही वाटून द्या. ज्याने आपला डबा स्वतः भरला, तो अन्न टाकत नाही.

४. चार डब्यांचा अभ्यास

२०१६ च्या केंद्रीय नियमांनी कचरा घरातच ओला, सुका आणि घातक असा वेगळा करण्याचे बंधन घातले. २०२६ च्या नव्या नियमांत चार भाग केले आहेत. ते पाठ करा:

ओला : भाजीपाल्याची देठे, साली, उरलेले अन्न, चहाचा चोथा, फुले.
सुका : कागद, पुठ्ठा, प्लॅस्टिक, काच, पत्रा, कापड.
सॅनिटरी : वापरलेले डायपर आणि पॅड. हे कागदात नीट गुंडाळून वेगळे द्यावे.
विशेष काळजीचा : सेल, बॅटऱ्या, ट्यूबलाइट, मुदत संपलेली औषधे, रंगाचे डबे.

वेगळे का करायचे? कारण एका डब्यात एकत्र आले की दोघेही बिघडतात. आमटी सांडलेला कागद पुन्हा कागद होऊ शकत नाही. कागद बनतो झाडाच्या तंतूंपासून. तेल आणि घाण लागली की ते तंतू निकामी होतात. उलट बाजूने, भाजीच्या सालींत ब्लेडचा तुकडा आणि प्लॅस्टिक मिसळले तर त्या खताला कोणी वाडीत हात लावणार नाही.

दुधाच्या पिशवीचे उदाहरण घ्या. आपण तिचा कोपरा पूर्ण कापून टाकतो. तो इवलासा तुकडा कोणी उचलत नाही, तो गटारात आणि पुढे समुद्रात जातो. कोपऱ्याला चीर द्या, पण तो पिशवीपासून वेगळा करू नका. पिशवी धुवा, वाळवा आणि साठवा. स्वच्छ पिशवी भंगारवाला घेतो. आंबूस वासाची पिशवी तो घेत नाही.

५. भंगारवाल्याकडून शिका

कोणत्या वस्तूचे पुढे काही होते, हे ओळखायला एक सोपी कसोटी आहे: भंगारवाला ती घेतो का?

पत्रा, लोखंड, तांबे, ॲल्युमिनियम तो आनंदाने घेतो. ॲल्युमिनियम खनिजापासून नव्याने बनवण्यापेक्षा भंगारातून बनवले तर सुमारे ९५ टक्के ऊर्जा वाचते. काच आणि धातू पुन्हा पुन्हा वितळवता येतात. कागदाचे तसे नाही. प्रत्येक फेरीत त्याचे तंतू आखूड होतात आणि साधारण पाच ते सात फेऱ्यांनंतर ते कागद बनवायच्या कामाचे राहत नाहीत. म्हणून रद्दी देणे चांगले, पण पाठकोरा कागद आधी वापरून मग रद्दीत देणे अधिक चांगले.

प्लॅस्टिकच्या वस्तूंच्या तळाशी त्रिकोणात १ ते ७ यांपैकी एक आकडा असतो. पाण्याच्या बाटलीवर १, शाम्पूच्या जाड बाटलीवर बहुधा २, पातळ पिशव्यांवर ४, डब्यांवर ५ आणि थर्माकोलवर ६. हा आकडा प्लॅस्टिकची जात सांगतो. निरनिराळ्या जाती एकत्र वितळवता येत नाहीत. वेफर्सच्या पाकिटात तर प्लॅस्टिकचे थर आणि आत धातूचा चकचकीत मुलामा असतो. हे थर सुटे करणे कठीण आणि खर्चाचे, म्हणून भंगारवाला ते पाकीट बघतही नाही. त्याला नको असलेली वस्तू आपणही घरात आणताना दोनदा विचार करावा.

एक गोष्ट मात्र कधीही करू नका. सकाळी अंगणातला पातेरा पेटवताना त्यात प्लॅस्टिक टाकू नका. प्लॅस्टिकच्या धुरात विषारी वायू असतात आणि तो धूर सर्वात आधी आपल्याच आजी-आजोबांच्या आणि तान्ह्या मुलांच्या छातीत जातो. खरे तर पातेराही जाळू नये. तो खताचा अर्धा भाग आहे.

६. बादलीतले खत

विज्ञानाचा हा प्रयोग घरी करता येतो. एक जुनी बादली घ्या. तळाला आणि बाजूंना भोके पाडा. खाली वाळलेल्या पानांचा थर द्या. त्यावर रोजच्या साली आणि देठे बारीक करून टाका. प्रत्येक थरावर मूठभर माती आणि तेवढाच किंवा थोडा अधिक सुका पातेरा घाला. सुरुवातीला थोडे आंबट ताक किंवा जुने खत मिसळले तर काम लवकर सुरू होते. दर तीन-चार दिवसांनी काठीने ढवळा, म्हणजे आत हवा जाईल.

वास येऊ लागला तर समजा की पाणी जास्त झाले, सुकी पाने वाढवा. आतले काहीच बदलत नसेल तर ते फार कोरडे आहे, पाणी शिंपडा. हात जवळ नेल्यावर ऊब जाणवली तर सूक्ष्म जीव कामाला लागले आहेत. दोन-अडीच महिन्यांत काळपट, मातीच्या वासाचे खत तयार होते. मासळीचे काटे आणि कोळंबीची साले बादलीत टाकू नका. मांजरे, कुत्री येतील. ती नारळाच्या किंवा केळीच्या मुळाशी खोल पुरा. ज्यांना वाडी नाही, फ्लॅटमध्ये राहतात, त्यांच्यासाठी गॅलरीतली एक बादली पुरेशी आहे. तुळस, पुदिना, जास्वंद या कुंड्यांना ते खत घाला.

७. कचऱ्यामागचे हात

कचऱ्याचा विषय हा शेवटी माणसांचा विषय आहे. आपण बांधलेली पिशवी कोणीतरी हातांनी सोडते. त्यात फुटलेला ग्लास, ब्लेड, वापरलेली सुई असली तर त्या हातातून रक्त येते.

पुण्यात कचरा वेचणाऱ्या स्त्रिया डोक्यावर आणि पाठीवर पोती घेऊन उकिरड्यावर काम करीत. लोक त्यांना चोर समजत, हाकलून देत. नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षण विभागातील शिक्षिका त्यांच्यात गेल्या. कचरा घरातच वेगळा करून मिळाला, तर या बायकांचे काम स्वच्छ होते, वेळ वाचतो आणि कमाई वाढते, हे तेथे दिसून आले. १९९३ साली 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' ही त्यांची संघटना उभी राहिली. बाबा आढाव यांचा तिला आधार होता. पुढे याच कष्टकऱ्यांची 'स्वच्छ' ही सहकारी संस्था झाली आणि २००८ साली तिने पुणे महानगरपालिकेबरोबर करार करून घरोघरी कचरा गोळा करायला सुरुवात केली. माणसे तीच, काम तेच, पण कचरा वेगळा झाला आणि त्या कामाला मान मिळाला.

संत गाडगेबाबांनी हेच केले. गावात कीर्तनाला आले की आधी हातात खराटा घेऊन रस्ता झाडीत. झाडणारा हलका नाही, घाण करणारा हलका, हा धडा त्यांनी आयुष्यभर, १९५६ पर्यंत दिला.

म्हणून आजपासून दोन गोष्टी करा. फुटकी काच आणि ब्लेड जाड कागदात गुंडाळा, वर लाल पेनाने मोठी खूण करा आणि वेगळे हातात द्या. आणि घंटागाडीवर येणाऱ्या दादांचे आणि मावशींचे नाव विचारा. "कचरेवाला आला" असे म्हणू नका. कचरा आपला आहे, ते तो नेण्यासाठी आले आहेत.

८. सण आणि समारंभ

आपल्याकडे लग्न, हळद, पहिला कम्युनियन, धर्मग्रामाचा सण, नाताळ यांत पाहुणचार मोठा असतो. तो तसाच असावा. फक्त त्याच्यामागे ढिगारा राहू नये. महाराष्ट्रात २०१८ पासून थर्माकोलच्या ताटवाट्यांवर बंदी आहे आणि १ जुलै २०२२ पासून देशभर प्लॅस्टिकचे चमचे, ग्लास, ताटे, स्ट्रॉ यांच्याबरोबर सजावटीच्या थर्माकोललाही बंदी झाली आहे. तेव्हा नाताळच्या गोठ्यासाठी थर्माकोल शोधत फिरू नका. पेंढा, बांबू, माती, नारळाच्या झावळ्या, जुने गोणपाट यांचा गोठा बेथलेहेमच्या अधिक जवळचा दिसतो. कंदील आणि तारे नीट काढून, गुंडाळून ठेवले तर चार-पाच वर्षे वापरता येतात.

युवकांनी पुढाकार घेतला तर आळीआळीत स्टीलच्या ताटांचा आणि ग्लासांचा एक संच करता येईल. ज्याच्या घरी कार्य असेल त्याने तो न्यावा आणि धुऊन परत आणावा. घरातली वर्तमानपत्रेही इतस्ततः देण्याऐवजी एकत्र जमवावीत. ज्या धर्मग्रामांत सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी रद्दी गोळा करते, तेथे तिची रक्कम गरजूंच्या औषधांसाठी आणि शिक्षणासाठी वापरता येते. वेदीवरची सुकलेली फुले खताच्या खड्ड्यात जावीत.

ही कामे नवी नाहीत. तुमच्या आजीला विचारून पाहा. केळीच्या सोपटाची दोरी, फुलांना केळीच्या पानाचे वेष्टन, भाजीला बांबूची टोपली, जुन्या लुगड्यांची गोधडी, करवंटीचे जळण. त्या घरांत कचऱ्याचा डबाच नव्हता, कारण प्रत्येक वस्तूला पुढचे काम ठरलेले होते. आपल्याला ते दिवस परत आणायचे नाहीत. त्या काळचे कष्टही मोठे होते. पण वस्तूची कदर करण्याची त्यांची सवय आपण उचलू शकतो.

चर्चेसाठी प्रश्न

१. प्रभू येशूने उरलेले तुकडे गोळा करायला का सांगितले असावे? तुमच्या घरी जेवणानंतर काय उरते आणि त्याचे काय होते?
२. तुमच्या वर्गात सर्वात जास्त कचरा कोणत्या वस्तूचा होतो? तो कमी करण्याचा एक उपाय सांगा.
३. भंगारवाला न घेणाऱ्या पाच वस्तूंची यादी करा. त्यांपैकी कोणती वस्तू उद्यापासून टाळता येईल?
४. तुमच्या घरून कचरा नेणाऱ्या व्यक्तीचे नाव तुम्हाला माहीत आहे का?

या आठवड्याचा स्वाध्याय

सोमवारपासून शनिवारपर्यंत घरातला ओला आणि सुका कचरा वेगळा ठेवा. रोज संध्याकाळी वजनकाट्यावर तोलून वहीत मांडा. वजनकाटा नसेल तर डबा किती भरला ते लिहा: पाव, अर्धा की पूर्ण. शनिवारी आई-वडिलांबरोबर बसून ती वही वाचा आणि पुढच्या आठवड्यात कमी करता येईल अशी एकच वस्तू सर्वांनी मिळून ठरवा. एकच ठरवा, पण पाळा. पुढच्या रविवारी वही धर्मशिक्षणाच्या वर्गात घेऊन या. सर्वांच्या वह्यांची बेरीज फळ्यावर करू, म्हणजे आपल्या मुलांच्या घरांतून आठवड्याला किती कचरा निघतो, हे आपल्याला प्रथमच आपल्या डोळ्यांनी दिसेल.